वाचकांचे प्रश्न : पुरेसे म्हणजे किती?

आर्थिक स्वातंत्र्याबद्दल आलेल्या पत्रांतले नऊ प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांत कुठलेही चलन वापरलेले नाही. कर वजा जाता हातात येणारी महिन्याची मिळकत 100 धरली आहे, त्या प्रमाणात आपापले आकडे बसवून घ्यावेत.

प्रश्न : नोकरी केली नाही तरी चालेल, अशा स्थितीला पोचायला किती रक्कम लागते? जो तो वेगळा आकडा सांगतो. माझा आकडा मी कसा काढू?

उत्तर : जो तो वेगळा आकडा सांगतो, कारण प्रत्येकाचा खर्च वेगळा असतो. मिळकत या हिशेबात फार उशिरा येते. दोघांना सारखाच पगार असेल, पण एकाचे घर 60 मध्ये चालत असेल आणि दुसऱ्याचे 90 मध्ये, तर दुसऱ्याला दीडपट गंगाजळी लागणार.

तेव्हा आधी तीन महिन्यांचा खर्च लिहून काढा. आठवून लिहू नका, बँकेचे आणि कार्डाचे स्टेटमेंट समोर ठेवा. रोखीचे पैसे कुठे गेले हे त्याच दिवशी टिपले नाही तर ते कधीच सापडत नाही. मग बहुतेकांच्या वहीत नसलेला भाग भरा : वर्षा-दोन वर्षांतून एकदा येणारे खर्च. विम्याचा हप्ता, गाडीची दुरुस्ती, प्रवास, दातांचे काम, घराची रंगरंगोटी, बंद पडणारी यंत्रे. फोनची किंमत 36 असेल आणि तो तीन वर्षे टिकत असेल, तर त्याचा दरमहा खर्च 1 आहे, तुम्ही तो दर महिन्याला देत नसलात तरीही. हे सगळे खर्च वर्षाला किती पडतात ते काढा, बारांनी भागा आणि महिन्याच्या खर्चात मिळवा. आज कंपनी भरते तो आरोग्य विमा उद्या स्वतः भरावा लागेल, तोही धरा. गंगाजळीतून काढलेल्या पैशावर कर लागणार असेल तर तोही.

वर्षाचा जो खर्च येईल, त्याची 25 पट हा ढोबळ आकडा. हा गुणक आला कुठून, ते माहीत असावे. अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी 1994 मध्ये तिथल्या बाजाराचे 1926 पासूनचे आकडे तपासले. निम्मे पैसे शेअरमध्ये आणि निम्मे सरकारी रोख्यांत (म्हणजे सरकारला व्याजाने दिलेल्या कर्जात) ठेवून पहिल्या वर्षी 4 टक्के काढले, पुढे दरवर्षी त्या रकमेत महागाईइतकी वाढ केली, तर कुठल्याही वर्षी सुरुवात करूनही गंगाजळी 30 वर्षे पुरली असती. 100 भागिले 4 म्हणजे 25.

यात दोन अटी दडलेल्या आहेत. मुदत 30 वर्षांची आहे आणि बाजार अमेरिकेचा आहे. जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक 1989 च्या डिसेंबरअखेर 38,915 वर गेला होता, आणि ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली ती 2024 च्या फेब्रुवारीत. म्हणून पैसे 40-45 वर्षे पुरवायचे असतील तर आम्ही 30 ते 33 पट धरतो. साठीच्या आसपास थांबणाऱ्याला 25 पट चालावी.

आता वर्षांचा हिशेब. हातात काही नाही आणि गुंतवणूक महागाईपेक्षा वर्षाला 4 टक्के जास्त वाढते, असे धरू. मिळकतीतले 10 टक्के मागे टाकणाऱ्याला 25 पट व्हायला जवळपास 59 वर्षे लागतात. 20 टक्क्यांना 41, 30 ला 31, 40 ला 23 आणि निम्मी मिळकत वाचवणाऱ्याला 18 पेक्षा थोडी कमी. खर्च दोन्हीकडून काम करतो म्हणून हे अंतर इतके पडते. महिन्याचा 1 कमी झाला की तो 1 बचतीत जातो, आणि शिवाय गाठायची रक्कमच 300 ने (12 गुणिले 25) खाली येते. पगारवाढीला हे दुसरे काम जमत नाही. पगाराबरोबर खर्चही वाढला तर आकडा उलट पुढे पळतो.

प्रश्न : क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे आणि घराचे कर्जही. ही फिटेपर्यंत गुंतवणूक थांबवावी का?

उत्तर : दोन कर्जांची जात वेगळी आहे, उत्तरही वेगळे.

कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला 3 टक्के व्याज असेल तर ते वर्षाला 36 होत नाही. व्याजावर व्याज चढून 42.6 होते. कुठलीही गुंतवणूक खात्रीने इतके देत नाही, म्हणून आधी कार्ड. इथे एक सापळा नीट समजून घ्या. थकबाकी 100 आहे आणि बिलावर ‘किमान भरणा 5 टक्के’ छापले आहे. पहिल्या महिन्यात 5 भरले. पुढच्या महिन्यात बाकी थोडी उतरते, तसा किमान भरणाही उतरतो, आणि तुम्ही सुटकेचा श्वास टाकून तेवढाच भरता. कार्डावर एकही नवी खरेदी न करता असे भरत राहिलात तर 31 महिन्यांनी निम्मी बाकी तशीच उभी असते. त्याऐवजी पहिल्या महिन्यातले 5 धरून ठेवले आणि बिल काहीही म्हणो, दरमहा 5 च भरले, तर त्याच 31 महिन्यांत बाकी शून्य होते. 10 भरले तर साधारण वर्षभरात.

बाकी शिल्लक असताना कार्ड वापरणे बंद ठेवा. थकबाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस सहसा मिळत नाहीत, व्याज खरेदीच्या दिवसापासून सुरू होते. कार्डे दोन-तीन असतील तर सर्वांवर किमान भरणा करा आणि उरलेला सगळा पैसा सर्वांत चढ्या दराच्या कार्डावर लावा. काही जण सर्वांत लहान बाकी आधी संपवतात. हिशेबाने ते थोडे महाग पडते, पण एक कार्ड पुरते बंद झाल्याचा हुरूप येतो. ज्याचा हुरूप टिकत नाही त्याने खुशाल तसे करावे.

घराच्या कर्जाची घाई वेगळ्या कारणासाठी. 1000 चे कर्ज, 9 टक्के दर, 20 वर्षे मुदत : हप्ता जवळपास 9 बसतो. पहिल्या हप्त्यातले साडेसात व्याजात जातात, मुद्दलात फक्त दीड. वीस वर्षांत 2,159 भरले जातात. त्यामुळे जास्तीचे पैसे सुरुवातीच्या वर्षांत भरले तरच त्यांचा जोर दिसतो. वर्षाला एक हप्ता जादा भरला तर हेच कर्ज साधारण साडेसोळा वर्षांत फिटते. जादा रक्कम भरताना बँकेकडून ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असे लेखी करून घ्या. हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवली तर सुटलेला पैसा खर्चात मुरतो. दर बदलता असेल तर दर वाढल्यावर हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली जाण्याची शक्यता असते. वर्षातून एकदा उरलेले हप्ते मोजा.

कार्ड फिटले की घराचे कर्ज चालू असतानाच गुंतवणूक सुरू करायला हरकत नाही. सगळी पुंजी भिंतींत अडकली तर अडीनडीला विटा विकता येत नाहीत.

प्रश्न : माझी मिळकत ठरलेली नाही. एखाद्या महिन्यात 250 येतात, कधी दोन महिने काहीच नाही. बचतीचे कुठलेच गणित मला लागू होत नाही.

उत्तर : होते, मध्ये एक खाते घातले की. सगळी कमाई एका खात्यात जमा होऊ द्या, त्याला जमाखाते म्हणू. त्यातून दरमहा ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात पाठवा. तो तुमचा पगार.

हा पगार गेल्या 24 महिन्यांच्या सरासरीवर बेतू नका. एखाद-दुसऱ्या चांगल्या महिन्याने सरासरी फुगलेली असते. सरासरीच्या 70 टक्के धरा. प्रत्येक रक्कम आली की त्याच दिवशी कराचा वाटा तिसऱ्या खात्यात काढा. स्वतंत्र काम करणारे हमखास अडकतात ते इथे : कराचे पैसे आपलेच समजून खर्च होतात आणि भरायच्या वेळी उसनवारी करावी लागते.

जमाखात्यात सहा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम साठेपर्यंत पगार वाढवायचा नाही. त्यावर जे साचेल ते दर तिमाहीला गुंतवणुकीत. दरमहा ठरावीक रकमेच्या योजनेत स्वतःला बांधून घेऊ नका, कोरड्या महिन्यात तीच पहिली मोडते.

प्रश्न : अडीनडीचे पैसे बँकेत नुसते पडून राहतात, महागाई त्यांना खाते. ते शेअरमध्ये का ठेवू नयेत?

उत्तर : कारण नोकऱ्या जातात त्याच सुमारास बाजारही पडलेला असतो. 2007 च्या ऑक्टोबरपासून 2009 च्या मार्चपर्यंत अमेरिकेचा एस अँड पी 500 निर्देशांक सुमारे 57 टक्के घसरला, आणि बेकारीही त्याच काळात वाढली. महागाईने खाल्लेला तुकडा हा या पैशाचा विमा हप्ता समजा. पक्की नोकरी आणि घरात दोन कमावते असतील तर तीन महिन्यांचा खर्च पुरे, एकटा कमावता असेल तर सहा, मिळकत बेभरवशाची असेल तर नऊ ते बारा. एक महिन्याचे पैसे बचत खात्यात, बाकीचे लहान लहान मुदत ठेवींत. एकच मोठी ठेव केली की थोड्या नडीसाठी सगळी मोडावी लागते.

प्रश्न : गुंतवणूक नेमकी कशात करावी? मुदत ठेवीत 8 टक्के मिळत असताना जोखीम कशाला घ्यायची?

उत्तर : 8 टक्के हा छापील आकडा झाला. व्याजावर 20 टक्के कर गेला की 6.4 उरतात. महागाई 6 टक्के असेल तर खरी वाढ वर्षाला 0.4 टक्के. या वेगाने पैसा दुप्पट व्हायला पावणेदोनशे वर्षे लागतात. ठेव वाईट नाही, तिचे काम राखण करण्याचे आहे. वाढीचे काम तिच्याकडून होत नाही.

वाढीसाठी दहा वर्षांहून जास्त काळ हात लावायचा नाही असा पैसा शेअरमध्ये हवा. त्यासाठी कंपन्या निवडण्याची गरज नाही. निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्या त्याच प्रमाणात घेणारा इंडेक्स फंड पुरतो. सामान्य गुंतवणूकदारांसाठीचा असा पहिला फंड जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड कंपनीने 1976 मध्ये काढला, तेव्हा त्याची टिंगल झाली होती. शक्य असेल तर एकाच देशाच्या बाजारावर भिस्त ठेवू नका, वर निक्केईचे उदाहरण दिलेच आहे.

फंड निवडताना मागच्या तीन वर्षांचा परतावा आधी पाहतात, आम्ही वार्षिक खर्चाचे प्रमाण आधी पाहतो. 100 गुंतवले आणि 30 वर्षे 7 टक्क्यांनी वाढले तर 761 होतात. त्यातले दीड टक्का दरवर्षी फंडाच्या खर्चात गेले आणि वाढ साडेपाच टक्के उरली तर 498. दीड टक्का दिसायला किरकोळ, पण तो दरवर्षी अख्ख्या रकमेवर कापला जातो आणि कापलेल्या पैशाची पुढची वाढही बुडते. विमा आणि गुंतवणूक एकत्र बांधलेल्या योजनांत हा खर्च बहुधा सर्वांत खोल दडलेला असतो. घरात कोणी तुमच्यावर अवलंबून असेल तर मुदतीचा शुद्ध जीवन विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) वेगळा घ्या, वर्षाच्या खर्चाच्या पंधरा पटीच्या आसपास. गुंतवणूक वेगळी करा.

प्रमाण किती? बाजार निम्म्यावर आला तर झोप लागेल का, ते विचारा. शेअर 60 आणि रोखे-ठेवी 40 ठरले असेल, तर वर्षातून एकदा तपासा. शेअर 65 च्या वर गेले असतील तर वरचे विकून रोख्यांत टाका, 55 च्या खाली आले असतील तर नवी बचत शेअरकडे वळवा. नवी बचत वळवूनच काम भागत असेल तर विकू नका, विक्रीवरचा कर वाचतो. रोज भाव पाहणाऱ्याच्या हातून हे होत नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

प्रश्न : दरमहा 3 टक्के खात्रीशीर देणारी योजना ओळखीच्या माणसाने सुचवली आहे. त्याला सहा महिने पैसे वेळेवर मिळाले आहेत.

उत्तर : सहा महिने मिळणे हा पुरावा नव्हे, ते आमिष असू शकते. चार्ल्स पाँझीने 1920 मध्ये बोस्टनमध्ये 45 दिवसांत 50 टक्के कबूल केले होते, आणि सुरुवातीच्या लोकांना ते खरोखर मिळालेही. नंतर आलेल्यांच्या पैशातून. एकच प्रश्न विचारा : महिन्याला 3 टक्के, म्हणजे वर्षाला 42 हून जास्त, कमावणारा माणूस त्याहून स्वस्त बँकेचे कर्ज सोडून तुमचे पैसे का मागतो?

प्रश्न : मी काही वर्षांपूर्वी काम सोडले. घर जोडीदाराच्या मिळकतीवर चालते आणि सगळी गुंतवणूक त्याच्याच नावावर आहे. माझे स्वतःचे असे काय करता येईल?

उत्तर : नाव, माहिती आणि मिळकत, या क्रमाने. आधी फक्त तुमच्या नावाचे एक खाते, ज्यात तीन महिन्यांचा घरखर्च असेल. जोडखाते असेल तर ते कोणाही एकाच्या सहीने चालते की दोघांच्या, ते पाहा. दोघांची सही लागत असेल तर नेमक्या संकटाच्या वेळी ते कुलूपबंद होते. मग एका कागदावर सगळी खाती, पॉलिसी, कर्जे, वारस म्हणून लावलेली नावे. हा कागद दोघांनी मिळून वर्षातून एकदा ताजा करायचा.

यापुढची बचत दोघांच्या नावांवर वाटून व्हावी, अशी मागणी करायला संकोच नको. घर सांभाळणाऱ्या माणसामुळेच दुसऱ्याला पूर्ण वेळ कमावता येते. आणि मिळकत थोडी का होईना सुरू करा. महिन्याला 10 मिळाले तरी 25 पटीच्या हिशेबाने ते 3,000 च्या गंगाजळीचे काम करतात.

प्रश्न : वय 47, हातात जवळपास शून्य. आता उशीर झाला का?

उत्तर : पूर्ण स्वातंत्र्याला कदाचित. बऱ्याचशा स्वातंत्र्याला नाही. 65 पर्यंत 18 वर्षे आहेत, वाढ पहिल्या उत्तराप्रमाणे महागाईवर 4 टक्के धरू. 100 मधले 30 वाचवले तर गंगाजळी 9,200 च्या आसपास होते. तिच्यातून वर्षाला 4 टक्के काढले तर 70 च्या खर्चातला 44 टक्के भाग भागतो. 40 वाचवले तर 12,300 होतात, पण खर्च आता 60 चा आहे, त्यामुळे 68 टक्के भाग भागतो. तेच आणखी तीन वर्षे, 68 पर्यंत नेले तर 85 टक्के. उरलेला भाग निवृत्तिवेतन किंवा हलक्या कामाच्या मिळकतीने भरायचा.

उशिरा जागे झालेले लोक एक चूक हमखास करतात : गेलेली वर्षे भरून काढायला जास्त जोखीम घेतात. बाजाराने 50 टक्के खाली आणले तर मूळ जागी यायला 100 टक्के वाढ लागते, आणि वाट पाहायला तुमच्याकडे पंचविशीतल्या माणसाइतका वेळ नाही. तुमच्या हातात खर्च, कामाची वर्षे आणि दुसरी मिळकत आहे, तिथेच जोर लावा. पुढची प्रत्येक पगारवाढ निम्मी गुंतवणुकीत जाईल अशी सूचना बँकेला आधीच देऊन ठेवा, वाढलेला पगार हातात पडण्यापूर्वी.

प्रश्न : आकडा गाठत आला आहे. आता पैसे काढायचे कसे? भीती वाटते.

उत्तर : भीती योग्य जागी आहे. एकदा ठेवलेल्या पैशाला हात लावला नाही, तर बाजार आधी पडला की नंतर, याने बिघडत नाही. काढताना मात्र क्रमच घात करतो.

पाच वर्षांचा परतावा घ्या : उणे 20, उणे 10, अधिक 10, अधिक 20, अधिक 15. काहीच काढले नाही तर 100 चे 109 होतात, क्रम उलटा केला तरी 109 च. आता दरवर्षीच्या सुरुवातीला 5 काढा. पडझड आधी आली तर पाचव्या वर्षाअखेर 76.8 उरतात. तीच पडझड शेवटी आली तर 87.5. परतावे तेच, उचल तीच. फरक एवढाच की पहिल्या प्रकारात भाव पडलेले असताना जास्त युनिट (फंडातले आपले हिस्से) विकावी लागली, आणि विकलेली युनिट बाजार वर आल्यावर परत येत नाहीत.

म्हणून गंगाजळीचे तीन वाटे करा. दोन वर्षांचा खर्च बचत खात्यात आणि छोट्या ठेवींत. पुढच्या पाचेक वर्षांचा रोख्यांत. बाकी शेअरमध्ये. बाजार वर असेल त्या वर्षी शेअर विकून पहिला वाटा भरा. पडलेला असेल तर शेअरना हात न लावता रोख्यांतून भरा. शिवाय पडत्या वर्षानंतर उचलीत महागाईची वाढ घेऊ नका. कुठल्याही वर्षी उचल त्या वेळच्या गंगाजळीच्या साडेपाच टक्क्यांच्या वर जाऊ लागली, तर खर्च खाली आणा किंवा थोडी मिळकत सुरू करा. हा आकडा आमच्या अंदाजाचा, पण कुठलाच आकडा न ठरवण्यापेक्षा बरा. पहिली पाच-सात वर्षे सर्वांत नाजूक. ती नीट पार पडली तर पुढे हा हिशेब सैल करता येतो.

नोकरी सोडण्याआधी सहा महिने एक चाचणी घ्या. पगार आला की तसाच गंगाजळीत टाका आणि घर फक्त ठरलेल्या उचलीवर चालवा. या सहा महिन्यांत दोनदा जादा पैसे काढावे लागले तर वर्षाच्या खर्चाचा आकडाच चुकलेला आहे. तो दुरुस्त करून पुन्हा 25 ने किंवा 30 ने गुणा, आणि राजीनामा तोवर खिशात ठेवा.